हाड सांधणें आणि माणूस उभा करणें

वैद्यकाचा इतिहास लिहिणारांची दृष्टि सहसा शस्त्र धरणाऱ्या हातावर खिळते. नवी शस्त्रक्रिया कोणीं केली, नवें औषध कोणीं शोधलें, कोणत्या रोगास कोणाचें नांव मिळालें, ह्या गोष्टी त्यांत सविस्तर येतात. आणि तें योग्यच आहे. परंतु हाडांच्या व स्नायूंच्या विकारांचा इतिहास ह्या रीतीनें लिहूं गेलें तर त्याचा अर्धा भाग निसटून जातो, असें आमचें मत आहे. ह्याचें कारण त्या विकारांच्या स्वभावांतच आहे. प्रौढ मनुष्याचें मांडीचें हाड मोडलें तर तें बसविण्यास एखादा तास पुरतो; सांधण्यास तीनचार महिने लागतात. मणक्याचा किंवा खुब्याचा क्षय तर एके काळीं रोग्यास वर्षानुवर्षें खाटेस जखडून ठेवी. ह्या दीर्घ काळांत वैद्य येतो आणि जातो. रोग्यापाशीं राहतें तें शुश्रूषा करणारें माणूस. त्याचें लक्ष ढळलें तर उत्तम बसविलेलें हाडहि वांकडें सांधतें, आणि हाड सरळ सांधलें तरी पाठीवर पडलेल्या व्रणांनीं रोगी दगावतो. म्हणून प्रस्तुत लेखांत ह्या विद्येच्या इतिहासाकडे आम्ही शुश्रूषेच्या बाजूनें पाहणार आहों, आणि इंग्लंडमधील एका लंगड्या स्त्रीचें कार्य त्याच्या मध्यभागीं ठेवणार आहों. आपल्या आजच्या घरांशीं त्याचा जो संबंध पोंचतो तो शेवटीं सांगूं.

शुश्रूषेचें हें महत्त्व आपल्या प्राचीन वैद्यांस ठाऊक होतें. चरकसंहितेंत चिकित्सेचे जे चार पाद सांगितले आहेत, त्यांत वैद्य, औषधद्रव्य आणि रोगी ह्यांच्या जोडीला परिचारकाची गणना आहे. सुश्रुतसंहितेंतील भग्नचिकित्सेचा अध्याय ह्या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. मांडी किंवा नडगी मोडलेल्या रोग्यास फळीवर निजवून पांच खुंट्यांच्या योगानें तो अवयव निश्चल ठेवावा, ह्या शय्येस तेथें कपाटशयन म्हटलें आहे. बंध थंडीच्या दिवसांत सात दिवसांनीं, मध्यम ऋतूंत पांच दिवसांनीं आणि उन्हाळ्यांत तीन दिवसांनीं बदलावा. तो सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाहीं, आणि फार आवळला तर सूज, वेदना व पू होतो, अशी सूचना आहे. तळहाताचें हाड सांधल्यावर रोग्यानें आधीं मऊ गोळा हातांत धरावा आणि बळ येईल तसतसें अखेर दगड धरावा, असेंहि सांगितलें आहे. आधुनिक शरीरशास्त्र सुश्रुतास अवगत होतें, असें ह्यावरून आम्हांस म्हणावयाचें नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, ऋतूप्रमाणें बंध बदलणें किंवा त्याच्या ताणावर नजर ठेवणें, ही रोज खाटेजवळ बसणाराची विद्या आहे. पुढें १८८१ सालीं जर्मनींतील हाले येथील शस्त्रवैद्य रिखार्ड फॉन फोल्कमान ह्यानें आवळ बंधामुळें रक्त तुटून हाताचे स्नायु कसे मरतात व बोटें कशीं कायमचीं आंखडतात, ह्याचें वर्णन केलें. आजहि प्लास्टर घातलेल्या रोग्याच्या बोटांचा रंग, ऊब आणि संवेदना पाहत राहणें हें परिचारिकेचें पहिलें कर्तव्य मानतात, तें ह्याच कारणानें.

युरोपांत ह्या विद्येस आजचें नांव मिळालें तें १७४१ सालीं. त्या वर्षीं निकोलस आंद्री ह्या फ्रेंच वैद्यानें मुलांच्या शरीरांतील व्यंगें टाळण्यावर व दुरुस्त करण्यावर एक ग्रंथ लिहिला, आणि सरळ व मूल ह्या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यास नांव दिलें. वांकडें झाड खांबाला बांधून सरळ करीत आहेत, असें एक चित्र त्या ग्रंथांत आहे, व तेंच आज जगभर ह्या शास्त्राचें चिन्ह होऊन बसलें आहे. चित्र सुरेख आहे. परंतु त्यांत वाढत्या रोपाचा विचार आहे, मोडून पडलेल्या वृक्षाचा नाहीं. पाय मोडलेला हमाल, खुबा सडलेला खलाशी, पाठ मोडलेला खाणींतला मजूर, ह्यांस ह्या नव्या शास्त्राच्या दारांत बराच काळ जागा नव्हती. त्यांच्या नशिबीं एक तर गांवचा हाडवैद्य, नाहीं तर अवयव कापून टाकणारा शस्त्रवैद्य. १८५२ सालीं आंतोनियस मॅथायसन ह्या डच लष्करी शस्त्रवैद्यानें प्लास्टरच्या पट्टीची कृति प्रसिद्ध केली, तेव्हां उपचाराचें एक मोठें साधन हातीं आलें. परंतु साधन आलें तरी त्यांत अडकलेल्या माणसाची काळजी कोणीं व कशी घ्यावी, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

त्या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ लिव्हरपूल बंदरांत झाला. ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) हा वेल्सच्या अँगल्सी बेटांतील हाडवैद्यांच्या घराण्यांत जन्मला. आपल्याकडे हाडवैद्याची विद्या जशी बापाकडून मुलाकडे येते, तशीच ती त्या घराण्यांत आली होती. ह्यू ओवेन मात्र रीतसर वैद्यकीची पदवी घेऊन आला, आणि नेल्सन स्ट्रीटवरील घरांत गोदीकामगार व खलाशी ह्यांवर उपचार करूं लागला. रविवारीं गरिबांस तो फुकट तपाशी. कोणत्याहि मोठ्या रुग्णालयांत त्यास जागा मिळाली नाहीं. परंतु त्याच्या घराशीं लागून लोहाराचा व चामड्याचा कारखाना होता, आणि तेथें रोग्याच्या मापानें लोखंडी कांबी तयार होत. रोगट सांध्यास सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांति दिली पाहिजे, हा त्याचा सिद्धांत होता. १८७५ सालच्या ग्रंथांत त्यानें तो मांडला. जांघेपाशीं चामड्यानें मढविलेलें कडें आणि तेथून पावलाच्या खालपर्यंत गेलेल्या दोन लोखंडी सळया, अशी त्याची कांब पुढें त्याच्याच नांवानें प्रसिद्ध झाली. त्याच्या हयातींत मात्र तिची कदर थोडक्यांनींच केली. त्यांत त्याच्या पत्नीचा भाचा रॉबर्ट जोन्स (१८५७–१९३३) हा प्रमुख होय. मँचेस्टरचा जहाजी कालवा खोदला जात असतां (१८८७–१८९४) हजारों मजुरांच्या अपघातांची व्यवस्था जोन्सकडे आली. त्यानें कालव्याच्या कांठीं तीन रुग्णालयें आणि त्यांच्या दरम्यान प्रथमोपचाराचीं ठाणीं उभारलीं. अंगमेहनत करणाऱ्या प्रौढ माणसाचा मोडका अवयव हा तोडण्याचा नसून पुन्हां कामास लावण्याचा आहे, हें तत्त्व येथें मोठ्या प्रमाणावर अनुभवास आलें.

आतां आम्ही अ‍ॅग्नेस हंट (१८६६–१९४८) हिच्याकडे वळतों. श्रॉपशायर परगण्यांतील एका सधन, मोठ्या कुटुंबांत ती वाढली. दहा वर्षांच्या सुमारास रक्तांत विषार भिनून तिचा खुबा बिघडला, आणि पुढें जन्मभर ती लंगडी राहिली. वडील वारल्यावर आईनें ऑस्ट्रेलियांत जाऊन अंगोरा बकऱ्या पाळण्याचा बेत केला, तेव्हां ही लंगडी मुलगीहि बरोबर गेली. परत आल्यावर तिनें परिचारिका होण्याचा निश्चय केला. लंगड्या मुलीस हें काम झेपणार नाहीं म्हणून तिला नकार मिळाले. अखेर वेल्समधील रिल येथील मुलांच्या रुग्णालयांत तिला प्रवेश मिळाला, आणि पुढें खेड्यापाड्यांतील घरोघर जाऊन शुश्रूषा करण्याचें कामहि तिनें केलें. १९०० सालच्या ऑक्टोबरांत बॅसचर्च गांवीं तिनें आपली मैत्रीण एमिली गुडफर्ड हिच्या साह्यानें अस्थिव्यंग मुलांसाठीं एक छोटें शुश्रूषागृह काढलें. घर जुनें होतें आणि जिन्यानें पांगळ्या रोग्यांस वरखालीं नेणें फार अवघड होतें. म्हणून घरामागें छपऱ्या उभारून खाटा तेथेंच मांडल्या. ह्या छपऱ्यांची एक बाजू उघडी असे. अशा रीतीनें, कांहीं अंशीं अडचणीमुळें आणि कांहीं अंशीं विचारानें, उघड्या हवेंतील अस्थिरुग्णालय जन्मास आलें.

हंटचा विशेष काय, असें विचारल्यास आमचें उत्तर असें कीं, ती स्वतः रोगी होती. अंथरुणांत पडलेल्या माणसास काय सलतें, हें तिला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. त्या काळीं पांगळ्यांकडे पाहण्याची रीत दयेची होती. त्यांना दान द्यावें, देवाधर्माच्या चार गोष्टी सांगाव्या, आणि कोपऱ्यांत बसवावें, येथें ती दया संपे. हंटनें ही रीत टाकून दिली. तिच्या छपऱ्यांत हंसणें, खेळणें आणि चेष्टा ह्यांना मुभा होती. आणि ज्यास हात हलवितां येतो त्यानें कांहीं तरी करावें, असा दंडक होता. पुढील तीनचार वर्षांत तिचा रॉबर्ट जोन्सशीं संबंध आला. ती स्वतःच्या खुब्यासाठीं त्याच्याकडे गेली, आणि लवकरच तो नियमानें बॅसचर्चला येऊन शस्त्रक्रिया करूं लागला. थॉमसचें विश्रांतीचें तत्त्व, जोन्सचें शस्त्रकौशल्य आणि हंटची शुश्रूषा हीं तिन्ही येथें एकत्र आलीं. ह्या त्रयींत शुश्रूषेचें स्थान तिसरें होतें असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं; कारण जोन्स तेथें अधूनमधून येई आणि बाकीचे सारे दिवस व रात्री त्या परिचारिकांच्या होत्या.

प्रौढ मनुष्य ह्या विद्येच्या केंद्रस्थानीं आला तो १९१४ सालच्या महायुद्धामुळें. गोळीनें मांडीचें हाड फुटलेला सैनिक तशाच स्थितींत गाड्यांतून हिंदकळत नेला जाई. हाडाचीं टोकें मांस फाडीत, रक्तस्राव होई, आणि धक्क्यानें तो मरे. जोन्सच्या आग्रहानें थॉमसची कांब आघाडीवर गेली. जखमी सैनिकाचा बूट न काढतां, क्रमवार ठरलेल्या हालचालींनीं, अंधारांतहि ती बांधतां यावी, अशी कवाईत डोली वाहणाऱ्या शिपायांकडून करवून घेण्यांत आली. १९१७ सालच्या आरासच्या लढाईंत कर्नल हेन्री ग्रे ह्यानें अशा हजाराहून अधिक रोग्यांची नोंद ठेवली. त्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा सोळांच्या आंत होतें. त्यापूर्वीं तें शेंकडा ऐशीं होतें, असें परंपरेनें सांगतात. त्या आंकड्याविषयीं अलीकडच्या अभ्यासकांनीं शंका घेतली आहे, आणि जखमा धुण्याच्या व धक्क्यावरील उपचारांच्या सुधारणांसहि श्रेयाचा वांटा दिला पाहिजे. तरीहि मोडलेलें हाड आधीं स्थिर करावें आणि मग रोगी हलवावा, हा धडा जगानें तेथें घेतला, ह्यांत संशय नाहीं.

परंतु कांब बांधली म्हणजे काम संपलें असें नसे. खरें काम तेथून सुरू होई. लोखंडी कडें जांघेंतील कातडीस रुतूं नये म्हणून परिचारिकेनें दिवसांतून अनेक वेळां ती कातडी हलक्या हातानें सरकवावी, स्वच्छ करून कोरडी ठेवावी. टांच कशावरहि टेंकूं देऊं नये. पाऊल खालीं लोंबूं देऊं नये, नाहीं तर हाड सांधूनहि पाऊल कायमचें वांकडें राही. पाय ताणून धरण्यासाठीं लावलेलें वजन कोणत्याहि कारणानें उचलूं नये. पाठीखालचें कापड सुरकुतूं देऊं नये, कारण लुळ्या पाठीस सुरकुतीहि सुरीसारखी कापते. रोग्यानें खोल श्वास घ्यावा, पोट साफ ठेवावें, मोकळे असलेले सारे सांधे रोज हलवावे. ह्यांतील एकहि गोष्ट नेत्रदीपक नाहीं, आणि एकहि टाळून चालत नाहीं. बॅसचर्चच्या छपऱ्यांतहि युद्धांतील जखमी सैनिक येऊन राहिले, आणि मुलांसाठीं घडविलेली शुश्रूषा प्रौढांस लागू पडली. ह्या कार्याबद्दल १९१८ सालीं हंटला रॉयल रेड क्रॉस हें पदक मिळालें. १९२१ सालीं संस्था ऑस्वेस्ट्रीजवळील पार्क हॉल ह्या लष्करानें सोडलेल्या रुग्णालयांत गेली. जोन्स व हंट ह्या दोघांच्या नांवानें ती आजहि चालू आहे. एका शस्त्रवैद्याचें व एका परिचारिकेचें नांव एकाच पाटीवर असावें, हा योग दुर्मिळ आहे.

हंटचें दुसरें मोठें कार्य रुग्णालयाच्या भिंतींबाहेरचें होय. बरा होऊन घरीं गेलेला रोगी कांहीं महिन्यांनीं पुन्हां वांकडा होऊन परत येतो, हें तिच्या लक्षांत आलें. घरीं कांब सैल होई, कोणी ती काढून ठेवी, व्यायाम बंद पडे. तेव्हां तिनें परगण्यांतील गांवोगांवीं पश्चात्-शुश्रूषेचीं केंद्रें काढलीं. रुग्णालयांत शिकलेली परिचारिका तेथें ठरल्या दिवशीं बसे, रोग्यांस तपाशी, आणि शस्त्रवैद्य ठराविक काळानें फेरी करी. त्याहूनहि पुढें जाऊन, १९२७ सालीं तिनें पांगळ्यांस उद्योग शिकविणारी संस्था जोडून दिली, कारण चालूं लागलेला परंतु पोटासाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारा मनुष्य तिच्या मतें अजून बरा झालेला नव्हता. युद्धकाळांत जोन्सनेंहि लंडनमधील शेपर्ड्स बुश येथील लष्करी रुग्णालयांत सुतारकामादि उद्योगांच्या शाळा उघडल्या होत्या. त्याच महायुद्धांत भारतीय सैनिकहि हातपाय गमावून परतले, आणि त्यांच्यासाठीं १९१७ सालीं मुंबईंत क्वीन मेरी ह्यांच्या नांवाचें तांत्रिक विद्यालय निघालें. तें पुढें पुण्याजवळ खडकीस गेलें व आजहि तेथें अपंग सैनिकांस उद्योग शिकवितें.

ह्या इतिहासास दुसरी बाजूहि आहे, आणि ती झांकणें योग्य होणार नाहीं. थॉमसचें विश्रांतीचें तत्त्व पुढें इतकें ताणलें गेलें कीं, निरोगी स्नायु वाळून जात, सांधे आंखडत, आणि हाडें विरळ होत. बदल झाला तो दोन दिशांनीं. १९३१ सालीं बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन ह्यानें मोडलेल्या खुब्यांत घालावयाच्या धातूच्या खिळ्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, १९४० सालीं गेर्हार्ड क्युन्चर ह्यानें मांडीच्या हाडाच्या पोकळींत सळई घालण्याची रीत मांडली, आणि १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिन सांपडल्यावर हाडांच्या क्षयाचे वॉर्ड हळूहळू रिकामे होत गेले. दुसरी दिशा शुश्रूषेचीच होती. कण्याच्या दुखापतीनें कमरेखालीं लुळे झालेले सैनिक पहिल्या महायुद्धांत बहुतेक शय्याव्रणांनीं व मूत्रमार्गाच्या विकारांनीं मरत. १९४४ सालीं इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथें लुडविग गुटमान ह्या वैद्यानें असा नियम घातला कीं, प्रत्येक रोग्यास दर दोन तासांनीं, दिवसा आणि रात्रीं, कुशीवर वळविलें पाहिजे. औषध नवें नव्हतें. शुश्रूषेची शिस्त तेवढी नवी होती, आणि तिनें माणसें जगलीं. अ‍ॅग्नेस हंट २४ जुलै १९४८ रोजीं वारली. त्यानंतर पांचच दिवसांनीं स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्चींत बसलेल्या रोग्यांचे पहिले क्रीडासामने झाले. त्या सामन्यांतूनच वाढलेल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकांत १९७२ सालीं आपल्या सांगली जिल्ह्यांतील सैनिक मुरलीकांत पेटकर ह्यांनीं पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून ते पांगळे झाले होते. विश्रांति व हालचाल ह्यांचा वाद असा निकालांत निघाला. दोहोंच्या मुळाशीं असलेली सावध शुश्रूषा मात्र कोणासहि टाळतां आली नाहीं.

आतां आपल्या घरांकडे वळूं. आपल्याकडील आयुर्मर्यादा वाढली आहे, आणि न्हाणीघरांत पाय घसरून खुबा मोडलेलीं वृद्ध मंडळी आज प्रत्येक नात्यागोत्यांत आढळतात. शस्त्रक्रिया शक्य तों एकदोन दिवसांत व्हावी आणि दुसऱ्याच दिवशीं रोग्यास आधारानें उभें करावें, असा आजचा नियम आहे, आणि मोठ्या शहरांत तो पाळलाहि जातो. पण रुग्णालयाचें बिल चुकतें करून आजीबाईंस घरीं आणलें म्हणजे इंग्लंडांत हंटनें जो प्रश्न पाहिला तोच येथें उभा राहतो. घरांत पश्चात्-शुश्रूषेचें केंद्र कोठलें? बहुधा तें सुनेच्या किंवा मुलीच्या अंगावर पडतें. तिला कोणी शिकविलेलें नसतें. ती प्रेमानें सारें करते. पण "पडून राहा, उठूं नका" असें म्हणून त्याच प्रेमानें रोग्याचे स्नायु वाळूं देते. कुशीवर केव्हां वळवावें, टांच कशी जपावी, किती पावलें चालवावीं, मन खचत चाललें तें कशावरून ओळखावें, हें तिला रुग्णालयांतून निघतांना कोणी घटकाभर बसून सांगत नाहीं. शस्त्रक्रियेसाठीं लाखभर रुपये आनंदानें मोजणारें कुटुंब महिनाभर येणाऱ्या शिकलेल्या परिचारिकेस किंवा व्यायाम शिकविणारास पैसे देतांना कां कूं करतें, कारण तें काम कोणींहि करावें असें त्यास वाटतें.

ही समजूत ह्या सबंध इतिहासानें खोटी ठरविली आहे. ज्या कामानें मँचेस्टरच्या मजुरांस, आरासच्या जखमी शिपायांस आणि स्टोक मँडेव्हिलच्या लुळ्या सैनिकांस वांचविलें, तें शिकावें लागतें, शिकवितां येतें, आणि त्यास मोबदला दिला पाहिजे. प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयांत आठवड्यांतून एक दिवस हाडाच्या जुन्या रोग्यांस तपासणारी, त्यांच्या घरच्या माणसांस शिकविणारी परिचारिका बसली, तर तिच्या खुर्चीसाठीं फार मोठा खर्च येणार नाहीं. बॅसचर्चला तो एका जुन्या घराच्या मागील छपऱ्यांपासून सुरू झाला होता. तोंपर्यंत ज्या घरांत आज कोणी खाटेवर पडून आहे, तेथें निदान एवढें तरी व्हावें कीं, रात्रीं उठून त्यास कुशीवर वळविणाऱ्या बाईला घरांतील पुरुषांनीं एकटें सोडूं नये. तिच्या दोन पाळ्या त्यांनीं स्वतः शिकून घ्याव्या.